काजटाका मुलग्यांनीही शिकावा

मला असे वाटते की काजटाका फक्त मुलींनी शिकायचा हे बरोबर नाही. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी सगळ्यांना सुईदोरा आणायला सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलं हसली. मी पण हसलो. खोटं कशाला बोलू?

पण घरी आजीच्या गोधडीची कड उसवली होती आणि आतल्या चिंध्या बाहेर येत होत्या. आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून मी मन लावून शिकलो.

कापडाची कड आपल्याकडे धरायची व डावीकडून सुरुवात करायची. कडेपासून नखाएवढं आत सुई वरून घालायची आणि कडेच्या खालून बाहेर काढायची. त्या वेळी दोरा सुईच्या खाली राहिला पाहिजे. मी दहा वेळा तेच विसरलो! दोरा ओढला की कडेवर रेघ बसते आणि सूत सुटत नाही. फार ओढलं तर कड गोळा होते. कोपऱ्यात एकाच भोकातून तीन टाके घालायचे. हेच टाके अगदी चिकटून घातले की गुंडीचं काज होतं.

माझा मित्र म्हणतो, ओव्हरलॉक मशीन असताना हाताने कशाला? मशीन भराभर कड बांधते, हे खरं आहे. पण आमची जाड गोधडी मशीनखाली जाईना.

आणि मुलग्यांना हसता, तर उल्हासनगरात जीन्स कोण शिवतं? मी पाहिलेल्या कारखान्यात सगळे पुरुषच मशीनवर होते. त्यांना कोणी हसत नाही.

दोरा आणायला आईबरोबर कॅम्प १ ला गेलो होतो. फाळणीनंतर म्हणजे १९४७ नंतर सिंधमधून आलेले लोक इथल्या लष्करी छावणीत राहिले, म्हणून कॅम्प म्हणतात. दुकानातल्या सिंधी आजींनी माझा रुमाल उलटा करून पाहिला. त्यांच्याकडे हुरमुचो नावाचा विणल्यासारखा टाका असतो. त्या म्हणाल्या, "रेशमी दोरा नको, निसटतो. सुती घे." शहाडला लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा चमकदार धागा करतात, मला तोच हवा होता. पण त्यांचंच बरोबर निघालं.

गोधडीच्या दोन बाजू झाल्या, दोन राहिल्या. टाके वाकडे आहेत, तरी आजी तीच पांघरते. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावं. सुई मात्र स्वतःची आणावी.

— इयत्ता चौथी