नाशिकच्या गोरखितेचा खांब

शाळेच्या सहलीत वस्तुसंग्रहालय घ्यायचे म्हटले की काही पालक विचारतात, "तिथे सगळे बुतच ना? आमच्या मुलांनी काय पाहायचे?" दुसरीकडे समाजमाध्यमांवर आम्हाला ऐकवले जाते, "हा वारसा तुमचा नाहीच." म्हणजे मुसलमान मुलाने या दगडांपासून लांब राहावे, यावर दोघांचेही एकमत! मला हे मान्य नाही.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भरहुतच्या बौद्ध स्तूपाचा कठडा आणि तोरण आहे. तांबूस वालुकाश्मातली ही उठावशिल्पे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ मध्ये भरहुतला, म्हणजे आजच्या सतना जिल्ह्यात पोचले, तेव्हा स्तूपाचे बरेच दगड लोकांनी बांधकामासाठी नेले होते. उरलेले कोलकात्याला हलवले, म्हणून वाचले.

या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्ष आहे, रिकामे आसन आहे, धर्मचक्र आहे आणि समोर हात जोडलेली माणसे. ज्याचा आदर करायचा त्याचे चित्र न काढण्याची रीत मुसलमान मुलाला नवी नाही. श्रद्धा वेगळी, कारणेही वेगळी. पण रिकाम्या आसनाचा अर्थ विचारला तर वर्गात पहिला हात त्याचाच वर होईल.

शिवाय हे दगड वाचता येतात. जेतवनाच्या शिल्पात माणसे जमिनीवर नाणी अंथरत आहेत आणि ती बाग अनाथपिंडिकाने विकत घेतल्याचे ब्राह्मी लिपीत खाली कोरले आहे. कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे आहेत. एक खांब नाशिकच्या गोरखितेचा, वसुकाच्या बायकोचा. एक दान 'करहकट' नगराचे. अभ्यासक त्याला कऱ्हाड मानतात.

पाहणे म्हणजे पूजणे नव्हे. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन वारंवार सांगतो. इबरत घ्यायची तर आधी पाहावे लागेल. गोरखितेचा धर्म माझा नाही, पण तिचे नाशिक माझ्याही महाराष्ट्रातले आहे.

कोलकात्याची सहल प्रत्येक शाळेला परवडणार नाही. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ऐहोळेची छतशिल्पे आहेत, आणि त्या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेला आहे. यंदाच्या सहलीच्या यादीत वॉटर पार्कच्या आधी हे नाव लिहा.