अर्धमेली कीड महागात पडते

हिंगोलीत कापूस-सोयाबीनवर फवारताना औषधाचे माप अनेकदा बाटलीचे टोपणच असते. कमी पडले तर थोडी कीड वाचेल, एवढेच आपण धरतो. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या अळीची वाढ अनेकदा खुंटते, अंडीही घटतात. पण मावा, पांढरी माशी यांची पैदास काही औषधांच्या सौम्य मात्रेनंतर उलट वाढते. १९८०च्या दशकात कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली आणि पांढरी माशी बोकाळली. मित्रकीटक मेले, हेही कारण होतेच.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. लेबलवर मात्रा हेक्टरी, शेतात हिशेब पंपाचा! दुकानदाराने बिलावर पंपामागे किती मिली ते मराठीत लिहून द्यावे, सोबत मोजपात्रही. मात्र हे वाचून कुणी दुप्पट औषध ओतू नये. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली होती.