निसर्गचित्रातला विजेचा खांब

"अगदी फोटोसारखं!" वास्तववादी निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात हे वाक्य हमखास कानावर पडते. बोलणारा कौतुकानेच बोलतो. पण कॅमेरा समोरचे सगळे टिपतो, चित्रकार निवडतो. जागेवर बसून जलरंगात काम करणाऱ्याला सावली सरकायच्या आत चित्र उरकावे लागते. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखावा लागतो, म्हणजे काय सोडायचे ते आधीच ठरवावे लागते. याला नक्कल कसे म्हणावे?

माझी तक्रार वेगळी आहे. परवा अशाच एका प्रदर्शनात चाळीसेक चित्रे पाहिली. कौलारू घरे, बैलगाडी, नदीचा घाट, वाड्याचा दरवाजा. हात तयार, रंग स्वच्छ. पण एकाही चित्रात विजेचा खांब नव्हता. पत्र्याची शेड नाही, मोबाइलचा टॉवर नाही, दारात मोटारसायकल नाही. असे गाव आज कुठे आहे?

अशा वेळी कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवतात. जे. जे. मध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार. कोटितीर्थाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली ते गेले. त्यांचे कोल्हापूर आपल्याला जुने वाटते, त्यांच्यासाठी मात्र ते रोजचेच होते. तिकडे इंग्लंडात टर्नरने १८४४ साली पावसातून धावणारी आगगाडी चित्रात आणली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू व्हायला तेव्हा नऊ वर्षे होती. नवी म्हणून त्याने ती गाळली नाही.

शाळेत देखावा काढायला सांगितला की मुले दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि झोपडी काढत. चाळीतला मुलगाही तेच काढी. एकाने खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी काढली, तर शेजारचा म्हणाला, "सर, यात देखावा कुठाय?"

गिऱ्हाइकाला भिंतीवर आजोळ हवे असते आणि चित्रकारालाही पोट आहे, हे मी जाणतो. चित्रकार निवडतो असे मीच वर म्हटले, तेही खरे. पण एका चित्रात खांब गाळणे ही निवड झाली. चाळीसही चित्रांत गाळणे ही पळवाट आहे. पन्नास वर्षांनी कोणी आपले गाव या चित्रांत शोधू लागला, तर त्याला ते सापडणार नाही.

संध्याकाळचे ऊन पत्र्यावरही पडते. ते रंगवणारा कोणी भेटला, तर त्याचे प्रदर्शन मी दोनदा पाहीन.