हातचे राखू नये



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक एकोणीस वर्षांचा मुलगा पायास पट्टी बांधून घरी परतला. बेळगावकडील एका फाउंड्रीत तो आठ महिन्यांपूर्वी शिकाऊ उमेदवार म्हणून लागला होता. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "फादर, आठ महिने ह्याला वाळू वाहण्याखेरीज कुणी काही शिकवलं नाही. त्या दिवशी माणूस कमी पडला, म्हणून साचा भरायला बसवलं."

बिडाचे ओतकाम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वाळूत बेताची माती व पाणी मिसळून ती चौकटीत ठोकून बसवितात आणि त्या साच्यात वितळलेले बीड ओततात. त्याची उष्णता तेराशे-चौदाशे अंशांच्या घरात असते. वाळू कोरडी राहिली तर साच्याच्या कडा ढासळतात. ओल अधिक झाली तर तिची एकदम वाफ होते, वस्तूत पोकळ्या राहतात, आणि प्रसंगी तप्त रस उसळून बाहेर येतो. मोठ्या कारखान्यांत ही ओल मोजण्याची साधने असतात. पण जुना कारागीर वाळू मुठीत दाबतो, तो गोळा मोडून पाहतो, आणि तेवढ्यावरून वाळू जमली की नाही हे जाणतो. ही मुठीची खूण त्या मुलास कोणी सांगितलीच नव्हती. साचा ओला राहिला, रस उसळला आणि पाय भाजला.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्याच कारखान्यातील एक वयस्क कारागीर माझ्या ओसरीवर येऊन बसले. तेही आमच्याच धर्मग्रामातले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "फादर, खूण मला ठाऊक होती. मी सांगितली नाही. पोर शिकलं म्हणजे साहेबाला माझी गरज काय उरणार? माझ्या एका पगारात तशी दोन पोरं येतात."

हे लिहिण्यास त्यांनी मला अनुमती दिली आहे. आपल्या भाषेत ह्या वृत्तीस फार अचूक शब्द आहे: हातचे राखणे. त्या गृहस्थांस दोष देणे सोपे आहे. मला ते जमले नाही. तीस वर्षे भट्टीपुढे उभे राहून त्यांनी जे मिळविले, तेवढीच त्यांची जमीन, तेवढेच त्यांचे धन. ते वाटून टाकावे असे आपण त्यांस सांगतो. पण वाटल्यानंतर त्यांची भाकर शाबूत राहील अशी हमी त्यांस कोणी दिली होती काय?

म्हणून माझे म्हणणे असे की, कारखान्यातील शिक्षण हा मालकाने केलेला उपकार नव्हे. ते न्यायाने चुकते करावयाचे देणे आहे, आणि त्यात तिघांचा वाटा आहे.

पहिला वाटा मालकाचा. तरुणाचे श्रम घ्यावयाचे तर त्याच्या हाती विद्या दिलीच पाहिजे. संत जॉन बॉस्को ह्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १८५२ च्या फेब्रुवारीत तुरीन शहरात एका सुताराशी त्यांनी एका मुलासाठी लेखी करार केला. सुताराने धंदा शिकवावा; धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत; चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये; रविवार व सण मोकळे ठेवावेत आणि वर्षास पंधरा दिवस सुट्टी द्यावी, असे त्यात लिहिले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या संस्थेत कार्यशाळा उघडण्यास आरंभ केला. आणि मालकाचे आणखी एक कर्तव्य आहे: जो शिकवितो त्याचे काम शिकविल्यामुळे जाणार नाही, उलट त्याचा मान वाढेल, असे त्यास वचन द्यावे. हे वचन नसेल तेथे शिक्षणाचे सर्व फलक भिंतीवरच राहतात.

दुसरा वाटा शिकविणाऱ्याचा. १९४० साली अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी शिक्षणाची एक योजना निघाली आणि युद्धानंतर ती जपानातही रुजली. तिची रीत चार पायऱ्यांची. प्रथम शिकणाऱ्याची भीती घालवून त्याच्या मनाची तयारी करावी. मग काम स्वतः करून दाखवावे, आणि त्यातील मर्म कोणते व ते का, हे सांगावे. नंतर त्याच्याकडून करवून घ्यावे व ते मर्म त्याच्याच तोंडून वदवावे. शेवटी त्यास कामास लावून अधूनमधून विचारपूस करीत राहावे. मुठीची खूण हे असेच एक मर्म होते. बाकी सारे त्या मुलाने नुसते पाहून उचलले. मर्म मात्र सांगितल्यावाचून कळत नाही.

तिसरा वाटा आपला, घरच्यांचा. मुलगा कामास लागला ह्या आनंदात आपण कागद वाचीत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याप्रमाणे लेखी करार होऊन त्याची नोंद व्हावी लागते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम आहे. मात्र करार संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. म्हणूनच त्या काळात पदरी काय पडते ह्यास महत्त्व आहे. करारात धंदा कोणता लिहिला आहे, शिकविणार कोण, अखेरीस परीक्षा व प्रमाणपत्र आहे की नाही, हे विचारून घ्यावे. आणि मुलगा सुट्टीस घरी आला म्हणजे पगार किती, एवढेच विचारू नये. ह्या महिन्यात नवीन काय शिकलास, हेही विचारावे. त्या मातेने हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात विचारला असता तर कदाचित पाय वाचला असता. हे तिनेच मला सांगितले.

१९५५ साली परमगुरू बारावे पायस ह्यांनी १ मे हा श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण ठरविला. शुभवर्तमानात नाझरेथचे लोक आपल्या प्रभूविषयी बोलतात. संत मत्तयाच्या ग्रंथात ते त्यास सुताराचा पुत्र म्हणतात. संत मार्काच्या ग्रंथात थेट सुतार म्हणतात. ह्या दोन नावांमध्ये योसेफाची कितीतरी वर्षे सामावली आहेत. ज्या पित्याचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही, त्याने आपल्या हातचे काही राखले नाही, एवढे त्यावरून समजावे.

मुलाचा पाय आता बरा आहे व तो कामावर परत गेला आहे. जाण्यापूर्वीच्या रविवारी ते वृद्ध कारागीर पिशवीत साच्याची वाळू घेऊन त्याच्या घरी गेले होते, असे मला कळले. दोघे अंगणात तासभर बसले होते. व्यवस्थापकांस मी भेटलो. जो शिकवील त्याच्या नोकरीस धोका नाही, असे ते तोंडी म्हणाले. लेखी अद्याप काही आलेले नाही. मी पुन्हा जाणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू