नेवाशाला एक दिवस द्या

या वर्षीही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली बरीच मंडळी परदेशी सहलीला जातील. निवृत्त शिक्षक असतील, डॉक्टर असतील, मुलांची लग्नं उरकून मोकळे झालेले नवरा-बायको असतील. सहलीच्या जाहिरातींत हल्ली पूर्वेकडचा युरोप पुष्कळ दिसतो. प्राग, क्राकोव, बुडापेस्ट. जरूर जा. नदीकाठी वाढलेली जुनी शहरं आहेत, बघावीत अशीच आहेत. माझी विनंती एवढीच, की तिथे शहर जसं बघाल, तसंच एकदा प्रवरेकाठचं नेवासं बघा. जमलं तर तिकडे जाण्याआधी बघा.

बुडापेस्टमध्ये आपण काय करतो? डॅन्यूबच्या काठाने तास-दोन तास चालतो. एका अंगाला बुडाची टेकडी आणि राजवाडा, दुसऱ्या अंगाला सपाट पेस्ट, मधे १८४९ साली पहिल्यांदा खुला झालेला साखळी पूल. बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही तीन गावं १८७३ मध्ये एक झाली, असं गाइड सांगतो आणि आपण माना डोलवत ऐकतो. ओबुडात ॲक्विन्कम या रोमन नगराचे अवशेष आहेत. तिकीट काढून आत जातो आणि गुडघ्याएवढ्या उरलेल्या भिंतींचे फोटो काढतो. डॅन्यूब ही तेव्हा रोमन साम्राज्याची हद्द होती. आणि साधारण त्याच काळात, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत, रोमन व्यापारातले मद्याचे उभट कुंभ, ज्यांना अँफोरा म्हणतात, आपल्या नेवाशापर्यंत येऊन पोचत होते. त्यांची खापरं नेवाशाच्या टेकाडात सापडली आहेत. तिकडच्या भिंती बघायला हजारो मैल जाणाऱ्या माणसाला घरापासून दोन तासांवरची ही खापरं ठाऊक नसावीत, याचं मला वाईट वाटतं.

माणसं नेवासे तालुक्यात येत नाहीत असं नाही. शनिशिंगणापूर याच तालुक्यात आहे. शिर्डी, शिंगणापूर असा फेरा करणाऱ्या गाड्या रोज धावतात. त्यांतल्या काही नेवाशाला वळतात, ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन घेतात, चहा पितात आणि अर्ध्या तासात निघून जातात. दर्शन झालं, पण गाव बघायचं राहिलं. नदी तर पुलावरून गाडीच्या काचेतून दिसली तेवढीच.

म्हणून पहिला सल्ला: नेवाशाला जायचं तर नदी समजून घेऊन जा. प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या बाजूला उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणातून उतरते, संगमनेरवरून पुढे येते आणि प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. सगळी नदी आपल्या एका जिल्ह्यातली. आणि तिच्या काठी महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती होती. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. तोटीची लाल भांडी आणि त्यांवर काळी नक्षी अशी एक खास घडण तिथे मिळाली. पुढे महाराष्ट्रात जिथे जिथे तशी भांडी निघाली, त्या सगळ्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हेच नाव पडलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना चार धातूच्या वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. चारींचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. आज त्या मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांची शान आहेत, आणि आपल्याकडे दहावीच्या पोराला विचारा, दायमाबाद कुठे आहे ते सांगता येणार नाही.

नेवासं याच रांगेतलं, पण जास्त खोल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे १९५४ ते ५६ आणि पुन्हा १९५९ ते ६१ या काळात काम केलं. नदीच्या दरडीत, वाळू-गोट्यांच्या घट्ट थरांत त्यांना अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली. मध्य पुराश्मयुगातल्या त्या घडणीला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत काही काळ ‘नेवासियन’ म्हणत असत. ‘लाडमोड’ नावाच्या टेकाडात त्याच्या पुष्कळ नंतरची, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. घरातलं लहान मूल गेलं की ते लोक रांजणासारख्या मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजलं आणि त्या गंजाने आतला दोरा राखला. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले. त्यावर सातवाहनांचा थर, त्यावर रोमन व्यापाराच्या खुणा, आणि अगदी वर बहामनी-मराठा काळ. लाडमोड म्हणजे आपण ज्याला पांढरी म्हणतो तेच. आपल्या आज्या-पणज्यांनी अशा पांढऱ्यांची माती बैलगाड्या भरभरून शेतात नेली, कारण ती खताला चांगली. त्यांना दोष देत नाही. आपल्याला मात्र आता ठाऊक आहे.

एवढं डोक्यात ठेवून मग पैस खांबापाशी उभे राहा. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी इथे गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतलं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण हा खांब एका जुन्या शिवमंदिराचा आहे आणि त्याच्यावर देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे, तो किती जण बघतात? गर्दी नसेल तर शांतपणे बघा, पुजाऱ्यांना विचारा. विशीही न गाठलेल्या त्या मुलाने ग्रंथ सांगायला जागा निवडली ती ओसाड माळावरची नव्हती. काठावर तेव्हाच हजारो वर्षांचा संसार होऊन गेला होता. देवळं होती, दानं देणारी माणसं होती, ऐकणारी माणसं होती. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी गोदावरीचा दक्षिण काठ आणि यादव राजा रामचंद्र यांचा उल्लेख केला आहे. म्हणजे आपण कुठे बसून बोलतो आहोत याची त्यांना पक्की जाण होती. आपणही ती ठेवावी.

आता दिवस कसा काढायचा ते सांगतो. पावसाळा सरल्यावर, दिवाळी ते शिमगा या दिवसांत जा. उन्हाळ्यात दुपारी काठावर उभं राहवत नाही. अहिल्यानगरहून नेवासं साधारण साठ किलोमीटर. एसटीने आलात तर नेवासा फाट्यावर उतरून गावात जायला रिक्षा मिळते. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, इथे मोठी यात्रा असते. भक्तीसाठी त्या दिवशी जरूर या, गाव बघायला दुसरा दिवस निवडा.

सकाळी लवकर पैस खांब करा. मग गावातून पायी मोहिनीराजाच्या देवळाकडे चला. अमृत वाटणाऱ्या मोहिनीची कथा या गावाशी जोडलेली आहे, तिचंच हे दगडी देऊळ. ते १७७३ च्या सुमारास गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं. हे होळकरांचे दिवाण. मालेराव होळकर वारल्यावर अहिल्यादेवींच्या हातात कारभार राहू नये म्हणून राघोबादादांना बोलावणारे तेच. अहिल्यादेवी त्यांना पुरून उरल्या. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे आणि दिवाणांचं देऊळ त्याच जिल्ह्यात नदीकाठी उभं आहे. इतिहास असा एकमेकांत गुंतलेला असतो. देवळाचे खांब, छत, बाहेरची शिल्पं बघायला अर्धा-पाऊण तास ठेवाच.

मग नदीवर उतरा. दरड उभी तुटलेली दिसेल तिथे थांबा आणि थर मोजा: वर काळी माती, मधे पिवळी, खाली गोटे. बरोबर मुलं असतील तर त्यांना मोजायला लावा. भूगोलाच्या पुस्तकात जे सपाट दिसतं ते इथे उभं दिसतं. लाडमोडची वाट गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो आधी ‘पाव्हणं कुठलं?’ विचारील, मग वाट सांगील, कदाचित बरोबरही येईल. बुडापेस्टला फलक, नकाशे, कानाला लावायचं यंत्र सगळं आयतं मिळतं. इथे माणसाला विचारावं लागतं. ती अडचण समजू नका. ज्याच्या आजोबांनी खणणाऱ्या लोकांना पाणी दिलं असेल, असा माणूस भेटण्याची शक्यता इथेच आहे.

दुपारी सावली बघून डबा सोडा, किंवा गावात पिठलं-भाकरी, ठेचा मिळेल ते खा. उन्हं कलली की प्रवरासंगम-टोक्याकडे निघा. तिथे दोन नद्या मिळतात, पलीकडे कायगाव. खाली पैठणला जायकवाडी धरण झाल्यापासून त्याचं पाणी इथवर तुंबतं, त्यामुळे पाणी भरलेलं असलं की संगम विस्तीर्ण दिसतो. टोक्याचं सिद्धेश्वराचं देऊळ पेशवेकाळातलं, कोरीवकाम बघण्यासारखं. अंधार पडायच्या आत परत फिरा, महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या असतात.

काही गोष्टी कडक शब्दांत सांगतो, राग मानू नका.

पाण्यात उतरू नका. वाळूउपशामुळे पात्रात कुठे खड्डा आहे ते वरून कळत नाही आणि पोहणाऱ्यांचाही घात होतो.

टेकाडावरून, दरडीतून काही उचलू नका. एक खापर खिशात टाकलं की ते कुठल्या थरातलं ते कायमचं हरवतं, मग तो नुसता मातीचा तुकडा. फोटो काढा आणि आहे तिथे राहू द्या. शेतात नांगरताना नाणी, मूर्ती, धातूची वस्तू सापडली तर ती सोनाराकडे किंवा जुन्या वस्तू घेणाऱ्याकडे नेऊ नका. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे आणि सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. तहसील कचेरीत जा, लेखी कळवा, पोच घ्या.

देवळाच्या दगडावर ऑइल पेंट, खिळे, वायर नको. हे देणगीदारांनाही सांगतो. जुना दगड झाकण्यात पुण्य नाही. आणि निर्माल्य नदीत सोडू नका.

आता दोन शब्द आपल्या लोकांसाठी. शिक्षकांनो, सहल नेताना वॉटर पार्कच्या आधी नेवासं धरा. नेवाशाची, दायमाबादची आणि जोर्व्याची अशी प्रवरेकाठची एक सहल होते आणि तिचा खर्चही फार येत नाही. पुण्याला सहल जाणार असेल तर डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय त्यात घाला, म्हणजे इथून निघालेली भांडी कशी असतात ते पोरांना डोळ्यांनी दिसेल. वारकरी मंडळींनो, दिंडीत आलेल्यांना खांबाइतकीच नदी दाखवा. आणि जे परदेश बघून आलेत, त्यांच्यावर तर मोठी जबाबदारी आहे. तिकडची स्वच्छता, तिकडचे फलक यांचं कौतुक घरी बसून करू नका. नगरपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला एक साधा अर्ज लिहा: लाडमोडपाशी फलक हवा, उत्खननात काय निघालं ते मराठीत लिहिलेलं हवं, टेकाडाला कुंपण हवं, काठावरचा वाळूउपसा थांबायला हवा. एकाचा अर्ज फायलीत राहील, शंभरांचे आले तर उत्तर द्यावं लागेल. अर्ज करायला नेवाशाचा रहिवासी असण्याची गरज नाही, मात्र नेवासं बघितलेलं असावं. म्हणून आधी तो दिवस ठरवा.