पासष्टी पूर्ण झाली, आता २१ हजारांची अट

प्रति,
मा. संजय शिरसाट,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची वार्षिक २१ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा वाढवा, ही मागणी आपल्या खात्याला नवी नाही. निवेदनांच्या पोचपावत्या आमच्या फायलीत लावलेल्या आहेत. उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

२१ हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला ५७. हे एकट्या म्हातारीचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न. घरात चार माणसं धरली तर माणशी रोज १४ रुपये. आमच्या जालना जिल्ह्यात मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद, कुठल्याही तालुक्यात जा आणि दिवसाला ५७ रुपयांत चार माणसं जगवणारं एक घर दाखवा. असं घर नसतंच, कारण एवढ्यात माणसं जगत नाहीत.

आता याच म्हातारीला पासष्टीआधी दुसरं माप कोणतं लावलं ते पाहा. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने लाडकी बहीण योजना आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिन्याला १,५०० रुपये. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागायचा नाही. चांगलं केलंत. आमच्या बायांच्या हातात पैसा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पासष्ट वर्षं पूर्ण झाली की हे पैसे बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की वयाची पासष्टी उलटली म्हणून १ लाख १० हजार महिलांना योजनेतून वगळलं. त्यानंतरही रोज कुणी ना कुणी पासष्टी ओलांडतेच आहे. त्यांनी जायचं कुठे? श्रावणबाळकडे, म्हणजे आपल्या खात्याकडे. रक्कम तीच, १,५०० रुपये. अट मात्र अडीच लाखांवरून एकदम २१ हजारांवर. जवळजवळ बारा पटींनी खाली. काल जी सरकारच्या लेखी गरीब होती, ती वय वाढलं, हातपाय थकले म्हणून आज गरीब राहिली नाही. हा हिशेब कोणी केला, आणि त्याला सही कोणाची?

आपण एकदा तालुक्याच्या सेवा केंद्रात टेबलापाशी बसून पाहा. मी तिथे लोकांचे अर्ज भरून देतो. केंद्रातला मुलगा कीबोर्डवर हात ठेवून विचारतो, “मावशी, उत्पन्न किती लिहू?” मावशी म्हणते, “लिही बाबा, तुला काय लिहायचं ते. पगार बंद नाही झाला पाहिजे.” आमच्याकडे निराधारच्या पैशांना पगारच म्हणतात. मुलगा २० हजार लिहितो. तिच्या मागे उभी असलेली, तिच्याही मागची, सगळ्यांचं उत्पन्न २० हजार नाहीतर २१ हजार. लिहिणाऱ्याला माहीत आहे, तलाठ्याला माहीत आहे, सही करणाऱ्याला माहीत आहे. उद्या गावकीच्या भांडणातून कुणी तक्रार केली की हाच दाखला खोटा ठरतो आणि चौकशीला उभी राहते ती मावशी. खरं सांगितलं तर अर्ज नामंजूर, नाही सांगितलं तर गुन्हेगार. आयुष्यभर कुणाचा रुपया न बुडवलेल्या बाईला म्हातारपणी अशा कागदावर अंगठा द्यायला लावणं हा अपमान आहे, साहेब. तो आपल्या खात्याच्या अटीने केलेला आहे.

यापुढचा हिशेब आणखी गंभीर. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एकाच माणसाने ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये झाले, म्हणजे आजीचा अर्ज अपात्र. कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस भरले तर ३१,२०० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी ‘विकसित भारत जी राम जी’ कायदा मंजूर केला आणि १२५ दिवसांचं आश्वासन दिलं. ते पूर्ण मिळाले तर याच दराने ३९ हजार. सुनेने सरकारी कामावर खोरं उचललं म्हणून सासूचा पगार जाणार असेल, तर त्या घराने काम मागायचं की मागायचंच नाही? ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू कपाशी आहे, त्याची तर गोष्टच सोडा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेतात पाणी साचून राहिलं, तरी सातबारा दाखवला की तो शेतकरी, निराधार नव्हे.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाची अडचण येत नाही, असं आम्हाला ऐकवलं जातं. ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. तेव्हा जिचा नवरा धडधाकट होता, घर चालत होतं, ती नंतर विधवा झाली. तिचं नाव त्या यादीत कुठून येणार?

अट हलवता येत नाही असंही नाही. २०१९ मध्ये अनुदान ६०० वरून १,००० झालं, २०२३ मध्ये १,५००. दिव्यांगांसाठी संजय गांधी निराधार योजनेतच उत्पन्नमर्यादा ५० हजार आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २,५०० केली. ती हवीच होती. रक्कम दोनदा वाढवताना बाकीच्यांच्या २१ हजारांकडे मात्र कुणी पाहिलं नाही. रक्कम वाढल्याची जाहिरात होते आणि अट जुनीच राहिल्याने माणसं बाहेरच राहतात. केंद्राचंही तसंच. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे. २००७ मध्येही तो २०० च होता.

मे २०२५ मध्ये आपल्या खात्याचे ४१० कोटी रुपये लाडक्या बहिणीकडे वळवले, तेव्हा आपण उघडपणे नाराजी बोलून दाखवलीत. वाचून आम्हाला बरं वाटलं होतं. मंत्री आपल्या खात्यातल्या गरिबांसाठी भांडतो आहे असं वाटलं. मग या उत्पन्नमर्यादेच्या फायलीसाठी आपण का भांडत नाही? आपण शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचे. ही माणसं कशी जगतात ते मुंबईतल्या अधिकाऱ्याला सांगावं लागेल, आपल्याला नाही. माहीत असून गप्प राहता, हा माझा आपल्यावर आरोप आहे.

विधवा, परित्यक्ता, वृद्ध, सर्वांसाठी मर्यादा अडीच लाख करा. आणि जिला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत होते, तिची पासष्टी पूर्ण होताच तिचं नाव श्रावणबाळमध्ये आपोआप वर्ग करा. तिची जन्मतारीख, आधार, बँक खातं सगळं सरकारकडे आहेच. पैसे बंद करायला तीच माहिती पुरली, तर सुरू ठेवायलाही पुरेल. नव्या अर्जाला, नव्या दाखल्याला, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीची वाट बघायला तिला लावू नका.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मंत्रिमंडळापुढे एक प्रस्ताव ठेवावा लागतो आणि एक शासन निर्णय काढावा लागतो. तो प्रस्ताव आपण कधी ठेवणार, ते तारखेसह कळवा.

आपला,
एक अर्जलेखक
ता. घनसावंगी, जि. जालना