मारबत बघताना बाकाबाईंबद्दल काय सांगायचं?



तान्ह्या पोळ्याला नागपुरात काळी मारबत निघते. "ही बाकाबाई का?" मुलं हमखास विचारतात. "हो, इंग्रजांना मिळालेली राणी," एवढं सांगून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. १८१६ मध्ये पती वारले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरली, पुढे आप्पासाहेबांची गादी गेली. १८१८ मध्ये लहानगे तिसरे रघूजी गादीवर आले आणि बाकाबाई त्यांच्या पालक झाल्या. पण खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटच्याच हातात! १८५३ मध्ये रघूजी वारले, पोटी मुलगा नव्हता. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. बाईंनी त्याला विरोध केला, ऐकलं कोणी? तरीही १८५७ च्या उठावात त्यांनी साथ दिली नाही. लोकांचा राग त्याचाच.

राग खोटा नाही, मारबतही बंद करू नका. फक्त मिरवणुकीच्या आदल्या दिवशी वर्गात किंवा घरी हा सगळा क्रम सांगा आणि विचारा, "राज्य गेलेलं, घराणं सांभाळायचं, तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?" मुलांना दोन्ही बाजूंनी बोलू द्या. निकाल आपण देऊ नये.